गिलियादचं पाणी आणि वीस तासांची सेवा

अमेरिकेतल्या लॉरेल फोर्क या खाणगावातल्या अग्निशमन केंद्रासमोर त्या शनिवारी दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. खाणीतून निवृत्त झालेले म्हातारे घरून घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते, बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि शेरीफच्या कचेरीतला कारकूनसुद्धा टोपी काढून हात जोडल्यासारखा उभा होता. मंडपात टेबलावर दोन ग्लास होते. एकात गावच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात धर्मोपदेशक ब्रदर डेल्मरच्या डोंगरातल्या झऱ्याचं, म्हणजे बायबलातलं नाव दिलेल्या 'गिलियाद'चं. दिसायला दोन्ही सारखीच नितळ.

"बंधूंनो, भगिनींनो!" ब्रदर डेल्मर गरजला. "डोळ्यांना काय दिसतंय? पाणी! पण डोळे फसतात. प्रभूची शलाका फसत नाही!"

प्रभूची शलाका विजेवर चालायची. एक काळा डबा, त्याला लोखंडी सळ्यांच्या दोन जोड्या आणि मागे वायर. ब्रदरने एकेक जोडी एकेका ग्लासात बुडवली आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग त्यावर तपकिरी फेस चढला. गिलियादचं पाणी मात्र जसंच्या तसं!

"अगं आई गं!" पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला.

"हे जातंय तुमच्या पोटात! याच घाणीवर तुम्ही गोळ्या गिळता, याच घाणीत इन्सुलिन टोचून घेता! औषधाचा काय दोष हो? चिखलाच्या भिंतीला रंग लावून ती टिकेल का? चाळीस दिवस गिलियाद प्या, औषधं फळीवर ठेवा, आणि मग मला येऊन सांगा!"

"आमेन!" सगळं पटांगण दणाणलं. लोकांना तरी काय बोलायचं? वर खाणीसाठी डोंगर पोखरला की या गावच्या नळाला खरोखरच काही दिवस चहाचा रंग यायचा. डेल्मरने खोटं उभं केलं ते या खऱ्यावर.

ते दोन ग्लास उंच धरून गर्दीतून फिरवणारी बाई होती ओर्वा स्टिडहम. वय चव्वेचाळीस. वीस वर्षं शाळेची बस चालवून आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसलेली. अंगात विद्यापीठाचा निळा टी-शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सेवेतून शिक्षण'. रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात वीस तासांची समाजसेवा सक्तीची होती. संस्था यादीतून निवडायची, आणि यादीत 'गिलियाद आरोग्य जागृती मंडळ' होतं. ते यादीत कसं शिरलं? ब्रदरने अर्ज भरला म्हणून. अर्जात प्रश्न होता, 'आपल्या कार्यामुळे कुणाला अपाय होतो का?' ब्रदरने 'नाही'वर खूण केली. झाली चौकशी! ओर्वाने ते निवडलं कारण घरापासून चार पावलांवर होतं.

पण ते तिच्या घरातच शिरेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"व्हर्जिल, इन्सुलिन घेतलंस?" रविवारी दुपारी बीन्स आणि कॉर्नब्रेड वाढताना तिने नवऱ्याला विचारलं.

"गिलियाद घेतलं."

"अरे, पायाचा अंगठा बघ तुझा! काळा पडायला लागलाय. डॉक्टर काय म्हणाले होते? साखर अशीच राहिली तर पाय जाईल."

"डॉक्टर बोलतोच. आज सतरावा दिवस. अजून तेवीस, मग बघू."

"जन्मात चर्चची पायरी चढला नाहीस, आणि आता या माणसाच्या नादी लागलास?"

"चर्चचा काय संबंध? मी डोळ्यांनी पाहिलंय." व्हर्जिलने ग्लास तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. हल्ली त्याला तहानही फार लागायची. साखर वाढली की असंच होतं, हे ओर्वाला ठाऊक होतं.

तो आडवा झाल्यावर ती कागद घेऊन बसली. सेवेच्या शेवटी एक चिंतनाचं पान भरायचं होतं. 'वर्गात शिकलेलं सेवेत कुठे दिसलं? उदाहरण द्या.' बाकीच्या मुलांनी ते कधीच भरून टाकलं होतं. 'मी जितकं दिलं त्याहून जास्त मला मिळालं' हे वाक्य वर्गात दरवर्षी वारशाने चालत येई, आणि रसायनशास्त्र शिकवणारे डॉक्टर प्रुइट त्याला पैकीच्या पैकी गुण देत. ओर्वाला ते लिहायची लाज वाटली. तिला नक्की काय मिळालं होतं? शलाका घासायचं काम! तो डबा तिच्याच ताब्यात असायचा, आणि दर आठवड्याला सळ्यांवरचा तांबूस थर ती काथ्याने खरवडून काढायची.

तिचा हात थांबला. नळाच्या ग्लासातल्या सळ्या दर आठवड्याला बारीक होत चालल्या होत्या. दुसरी जोडी होती तशीच जाड होती.

आणि मंगळवारचा वर्ग तिला आठवला. प्रुइटसरांनी वाफेपासून केलेल्या शुद्ध पाण्यात दिव्याला जोडलेल्या दोन तारा बुडवल्या होत्या, आणि दिवा लागला नव्हता. चिमूटभर मीठ टाकल्यावर लागला होता. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही.

ओर्वाने गिलियादचं पाणी ग्लासात ओतलं, शलाका बुडवली, बटण दाबलं. काही नाही. मग चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. मिनिटभरात प्रभूचा झरा तपकिरी झाला आणि वर फेस आला. घाण पाण्यात नव्हतीच, सळईचं लोखंड गंजून पाण्यात उतरत होतं! आणि झऱ्याच्या पाण्यात क्षार असतातच. म्हणजे हा झरासुद्धा नव्हता. दुकानातून आणलेलं वाफेचं पाणी होतं.

"व्हर्जिल! ऊठ, इकडे ये!"

त्याने पाहिलं आणि मान हलवली. "घरात तू काहीही दाखवशील. त्याच्या तोंडावर करून दाखव."

सोमवारी सकाळी तिने प्रुइटसरांना गाठलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण ओर्वा, ते आपले भागीदार आहेत! आज संध्याकाळी सेवेच्या समारोपात त्यांना मानपत्र द्यायचंय. छापून आलंय."

"मग द्या की, सर. मला आधी फक्त पाच मिनिटं द्या. उदाहरणासह लिहा म्हणालात ना? उदाहरण घेऊन आलेय."

संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या सभागृहात निम्मं गाव होतं. ब्रदर डेल्मर पांढरा कोट घालून पहिल्या खुर्चीत मानपत्राची वाट बघत होता. व्हर्जिल लंगडत आला आणि मागे बसला. ओर्वाने टेबलावर गिलियादचे दोन ग्लास भरले, एकात मीठ टाकलं, शलाका बुडवली, बटण दाबलं. मिठाचा ग्लास तपकिरी झाला. मग तिने सळी वर धरून लोकांना दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली.

"सैतान!" ब्रदर उठला. "सैतान त्या मिठात शिरलाय!"

"मग तुम्ही मीठ भुरभुरून खाता त्या बटाट्यांतही शिरला असेल," कारकून म्हणाला, आणि हशा पिकला.

"ही बाई अज्ञानी आहे! ही पहिल्या वर्षाची..."

"अज्ञानी आहेच," ओर्वा म्हणाली. "नाहीतर वीस तास तुमचे ग्लास मिरवले असते का? ब्रदर, तुमचा झरा कुठे आहे तेवढं सांगा, आत्ता सगळे मिळून बघायला जाऊ."

ब्रदरला झऱ्याचा रस्ता काही आठवेना. त्याला बाहेरचा रस्ता मात्र लगेच सापडला.

लोक हसत होते, पण व्हर्जिल हसला नाही. तो मागून उभा राहिला.

"मी त्या माणसाला कधीच मानलं नाही, ओर्वा," तो म्हणाला. "घरी तू इन्सुलिन घे म्हणायचीस, पण मला वाटलं, ग्लास तुझ्या हातात आहे. अंगात विद्यापीठाचा शर्ट आहे. ही शिकतेय, हिला कळत असणार."

प्रुइटसरांनी हातातलं मानपत्र हळूच टेबलावर पालथं ठेवलं. ओर्वाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी विचारलंच नाही. यादीत आहे म्हणजे बरोबर असेल, असं मला वाटलं. सरांना वाटलं, अर्जात लिहिलंय म्हणजे खरं असेल. तुम्हाला वाटलं, शर्ट आहे म्हणजे खात्री केली असेल. आणि खात्री कुणीच केली नव्हती. आता माझ्यावरही विश्वास ठेवू नका. हे मीठ, ही शलाका. एकेक जण पुढे या आणि आपल्या हाताने करून बघा. कुणी ब्रदर, डॉक्टर, नाहीतर मी काही सांगितलं, तर विचारा, कशावरून? नळाची शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासून घेऊ, पण औषध कुणीही बंद करू नका."

पहिला पुढे आला तो व्हर्जिल. त्याने स्वतः मीठ टाकलं, स्वतः बटण दाबलं, आणि पाणी तपकिरी होईपर्यंत डोळे न हलवता बघत राहिला. ओर्वाने तिथेच त्याच्या बोटाला टोचून साखर मोजली. चारशे दहा.

"चल, दवाखान्यात."

"आता तू म्हणतेस म्हणून जायचं?" तो पुटपुटला. "कशावरून?"

"विचार, वाटेल तेवढं विचार," तिने त्याच्या काखेत हात घातला. "एकूणएक सांगते. पण गाडीत बसून विचार."