फ्लेक्सवरची गोजरबाई

मुकुलमामाच्या कॉम्प्युटरमध्ये, आमच्या जालन्यात, एक गोरी बाई ओव्हरकोट घालून कुत्रा फिरवत होती. मे महिन्यात! भर दुपारी!

"मामा, ही मरेल," मी म्हटलं.

"कोण?"

"ही बाई. पण कुत्रा आधी मरेल."

मामाने चष्मा कपाळावर ढकलला आणि वाकून बघितलं. मामा आर्किटेक्ट आहे. पुण्याची नोकरी सोडून तो जालन्याला परत आला तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. बंगल्यांचे जिने आणि कंपाउंडच्या भिंती आखता आखता त्याला पहिलं मोठं काम मिळालं ते हे, मोंढ्याच्या बाजारामागच्या बंद पडलेल्या जिनिंगचं. एकेकाळी तिथे अख्ख्या भागातला कापूस यायचा, सरकी निघायची, गाठी बांधल्या जायच्या. मग सगळं थांबलं आणि आत बाभळी उगवल्या. आता जागेचे नवे मालक बद्रीनाथशेठ तिचं 'कॉटन स्क्वेअर' करणार होते. दगडी शेड, लोखंडी खांब आणि चिमणी तशीच ठेवायची आणि आत दुकानं, खाण्याची ठिकाणं, बसायला बाकडी. ते झाल्यावर कसं दिसेल याचं चित्र मामा बनवत होता.

"अगं, माणसं तयार मिळतात," तो म्हणाला. "चित्र रिकामं दिसू नये म्हणून टाकायची. सगळे हीच टाकतात."

"आपल्याकडे माणसं कमी पडली का? जालन्याची टाक ना!"

"कुठून आणू?"

"मी आणते," मी म्हटलं.

हे असं "मी आणते" वगैरे मी आताशा म्हणायला लागले आहे. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. नववीच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली, बाईंनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि तेव्हापासून तो माईक माझ्या हातातून सुटलाच नाही असं आई म्हणते. परीक्षा झाली होती, दहावीचे क्लास अजून सुरू व्हायचे होते. मी मोकाट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझी मैत्रीण तृप्ती घरातली पांढरी चादर आणि मोबाइल घेऊन जिनिंगच्या फाटकाशी गेलो. तृप्तीने माणसामागे चादर धरायची आणि मी फोटो काढायचे. सगळ्यात आधी आला मच्छिंद्र रिक्षावाला. केसांना पाणी लावून, भांग पाडून आला आणि म्हणाला, "फोटू काढा, पण रिक्षासंगट काढा. एकट्याचा काढला तर वळखीन कोण मला?"

रिक्षा चादरीत मावेना. तृप्ती म्हणाली, "काका, रिक्षा जरा बारीक करा!" तरी काढला. मग आमच्या गल्लीतला पप्पू आला, त्याची शेळी घेऊन. शेळीने चादर खायला सुरुवात केली. तोही फोटो आला.

राहिली गोजरबाई. फाटकाला लागूनच मोठा कडुलिंब आहे, त्याच्या सावलीत तिची चूल. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मोंढ्यातले हमाल, ट्रकवाले, सळईच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले लोक, सगळे तिथेच जेवतात. (क्लासला दांडी मारून आम्हीही. आईला सांगू नका.) ती केदारखेड्याहून लग्न होऊन आली तेव्हा जिनिंग चालू होती. आत कापूस निवडायचं काम करायची. काम बंद झालं तशी ती फाटकाच्या बाहेर आली आणि चूल मांडून बसली.

"मावशी, चादरीपुढं उभ्या राहा ना," मी म्हटलं.

"म्या उभी राहू? मंग भाकर कोण थापीन, तुझा मामा?"

त्यामुळे तिचा फोटो बसूनच काढला. चुलीसकट, तव्यासकट, एक हात परातीत आणि तोंड माझ्याकडे. मी मोबाइल खाली घेतला तसं तिने हळूच विचारलं, "पोरी, इथं दुकानं होऊन राह्यले म्हणं. मंग माझं काय?"

मला ठाऊक नव्हतं. पण माझ्या तोंडाला ठाऊक असतंच सगळं. "मावशी, तुमचं मी बघते," मी बोलून गेले.

"तू बघती?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं हाय. बघ मंग."

घरी येऊन आधी मामाचा नकाशा उलगडला. फाटक सापडलं, लिंब सापडला. लिंबाच्या खाली, बरोब्बर चुलीच्या जागी, एक सुंदर गोल होता.

"मामा, हे काय आहे?"

"कारंजं."

"कारंजं? मामा, आपल्या नळाला पाणी कधी येतं ते तरी सांग!"

"शेठची हौस आहे गं. लोक समोर फोटो काढतील म्हणतात. मी म्हटलं होतं त्यांना, नको म्हणून. ऐकत नाहीत." मामाने पेन्सिल कानामागे खोचली. "आणि माझं पहिलं मोठं काम आहे, गंधा. किती भांडू?"

 पण मी गोजरबाईला शब्द देऊन बसले होते. संध्याकाळी मामाने मला चित्रात माणसं कशी बसवायची ते शिकवलं. मी ओव्हरकोटवाली बाई उचलून बाहेर टाकली. कुत्र्याच्या जागी शेळी आली. मच्छिंद्रची रिक्षा ऐन फाटकात लावली. आणि गोजरबाईला बसवलं लिंबाखाली, तिच्याच जागी. ती सगळ्यात पुढे होती म्हणून जरा मोठी केली. मग अजून जरा मोठी केली.

मामा चहा घेऊन आला. "अरे, कारंजं कुठं गेलं?"

"मावशीच्या मागे आहे."

"दिसतच नाही!"

"आपल्याकडे तसंही पाणी कुठे दिसतं?"

मामाला हसू आलं आणि चहा सांडला. पुसता पुसता म्हणाला, "राहू दे. चित्रच तर आहे."

शेठना चित्र प्रचंड आवडलं. "अरे, हा तर आपला मच्छिंद्र! बिलकुल जिवंत केलंस, मुकुल!" म्हणाले आणि त्याचा फ्लेक्स बनवून थेट फाटकावर लावला. एखाद्या घराएवढा! वर लिहिलं होतं, 'तुमच्या स्वप्नातलं कॉटन स्क्वेअर असं असेल', आणि कोपऱ्यात हात जोडलेले बद्रीनाथशेठ.

आता आमच्याकडे फ्लेक्सवर यायचं तर एकतर वाढदिवस लागतो, नाहीतर निवडणूक. इथे तर काहीच नसताना गोजरबाई शेठपेक्षा चौपट मोठी झळकत होती. लोक लांबून लांबून बघायला यायला लागले. फ्लेक्सवरच्या गोजरबाईखाली उभं राहून सेल्फी काढायचे आणि खऱ्या गोजरबाईकडे भाकरी खायचे. भोकरदनहून तिची शालू नावाची भाची आली ती फ्लेक्सखाली आपल्या नव्या साडीचा फोटो काढायलाच. "हिला काहून घेतलं, मला काहून न्हाई?" म्हणून दोघी-तिघी मामाच्या ऑफिसात भांडून गेल्या. आणि गाळे भराभर बुक व्हायला लागले. मोबाइलवाल्या कल्याणदादाने तर चित्रावर बोट ठेवून कोपऱ्यातला गाळा घेतला. "हाच. शेळीच्या मागचा," असं सांगून.

मग एका सकाळी मच्छिंद्र आमच्या दारात रिक्षा उभी करून ओरडला, "गंधालीताई, चला जल्दी! जेसीबी आल्ता, मावशीनं बसवून ठेवलाय!"

मी आणि मामा तसेच निघालो. मामाच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात बूट.

खरंच बसवून ठेवला होता. जेसीबीचं ते पिवळं धूड लिंबासमोर उभं होतं आणि त्याचा ड्रायव्हर खाली बसून पिठलं-भाकरी खात होता. त्याच्या मागे बद्रीनाथशेठ रुमालाने मान पुसत उभे होते. चहूकडे ही गर्दी! हमाल, ट्रकवाले, गाळे बुक केलेले दुकानदार.

"बाई, कारंज्याचा खड्डा आजच घ्यायचाय," शेठ म्हणत होते. "तुम्ही पलीकडं बसा ना, रस्त्याच्या बाजूला."

"काहून?" गोजरबाईने भाकरी उलटली. "ही काय मी." तिने उलथनं वर फ्लेक्सकडे केलं. "ही काय माझी चूल. हा लिंब. तुमचंच नाव हाय ना वर? मंग मी जिथं हाय तिथंच बसून राह्यली."

लोक हसले. शेठपण हसले, पण उगाच. "बाई, ते नुसतं चित्र आहे!"

लोकांचं हसू थांबलं.  गर्दीतून कल्याणदादा पुढे सरकला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"शेठ," तो म्हणाला, "नुसतं चित्र म्हणजे? मंग माझा गाळा?"

"अरे, तुझा गाळा खरा आहे!"

"तो बी याच चित्रात हाय. मावशी खोटी आणि शेळीच्या मागचा गाळा खरा, असं कसं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "पार्किंग पण चित्रातच दाखवलंय हां." अजून कोणी, "आणि बाकडे?" सगळे एकदम बोलायला लागले. शेठ याच्याकडे बघत, त्याच्याकडे बघत. मी मामाकडे बघितलं. मामा आपल्या बुटाकडे बघत होता.

बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, शपथ. पण माझा आवाज माझ्या आधी पुढे गेला.

"शेठकाका, या चित्रातलं खरं काय नि खोटं काय तेवढं एकदा सगळ्यांना सांगून टाका ना. मी मोठ्यानं वाचून दाखवते. सुरुवात कोपऱ्यातून करू का? तिथं तुम्ही आहात."

हसण्याचा असा फवारा उडाला की जेसीबीवाल्याला ठसका लागला. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, गेलं. मामाचं काम गेलं, मावशीची जागा गेली आणि आता आई मला खोलीत कोंडणार.  तरी मी सरळ उभी होते.

शेठनी पुन्हा एकदा मान पुसली, दुकानदारांकडे एक नजर टाकली आणि दोन्ही हात वर केले. "खरं आहे! बिलकुल सगळं खरं आहे! चित्रात दाखवलं तसंच होणार. कारंजं रद्द!"

"रद्द कशाला म्हणता," गोजरबाई म्हणाली. "त्याचा नळ इकडं द्या. हंडा वाहून माझी कंबर गेली."

"मंग माझ्या रिक्षाचं स्टँड बी फाटकातच ना?" टाळ्या पडत होत्या त्यातच मच्छिंद्रने विचारून घेतलं. पप्पूने शेळी पुढे केली.

शेठनी डोळे मिटले. "मुकुल," ते म्हणाले, "अजून किती लोक घातलेस रे तू त्या चित्रात?"

"मी नाही, हिनं घातले," असं मामा म्हणाला, पण ते म्हणताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

जेसीबी हळूहळू मागे गेला. ड्रायव्हर जाताना एक भाकरी बांधून घेऊन गेला. चित्रात असणं वेगळं आणि नकाशात असणं वेगळं, असं मामा म्हणाला. नकाशात मापं लागतात. म्हणून त्याने तिथल्या तिथे खिशातून टेप काढला, एक टोक मला दिलं आणि आम्ही मोजायला लागलो. गोजरबाई कमरेवर हात ठेवून मध्ये उभी.

"सावली दुपारी इथवर येती. तिथवर घे."

मामाने घेतलं.

"गिऱ्हाईक टेकून बसतंय. पाठीला भिंत पाह्यजे."

मामाने लिहिलं.

"आणि धूर तिकडून जातो."

"मावशी, तिकडे दुकानाच्या काचा येणार आहेत," मामा म्हणाला.

"मंग सरकव की काचा."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी टेपचं टोक घट्ट धरून अजून थोडी मागे, काचांच्या जागेत सरकले.