कपाटातली प्रयोगशाळा

शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि मोठ्या बाईंनी प्रयोगशाळेचं कपाट एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. का जपू नये? त्यांच्या आधीच्या हेडमास्तरांची काय गत झाली होती ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं. एका पोराच्या हातून सरकारी सूक्ष्मदर्शक पडला आणि त्याची किंमत मास्तरांच्या निवृत्तीच्या पैशांतून कापली. नुसती कापली असती तर एक वेळ चाललं असतं, पण त्या एका वस्तूचा निकाल लागेपर्यंत त्यांची पेन्शन पावणेतीन वर्षं अडकली. बिचारे शिक्षण कार्यालयाचे उंबरे झिजवून झिजवून थकले.

बाईंनी चार्ज घेतला त्याच वर्षी सरकारला शिक्षणाचा उमाळा आला आणि टेम्पो भरून सामान उतरलं. सहा सूक्ष्मदर्शक, काचेची चंचुपात्रं, परीक्षानळ्यांचे खोके, भिंगं, आरसे. बाईंनी प्रत्येक वस्तूवर नंबर रंगवला, रजिस्टरात चढवली, कपाटात ठेवली आणि कुलूप ठोकलं. एक किल्ली त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. दुसरी शिपाईमामांकडे, तीही दर शनिवारी धूळ झटकण्यापुरती. मुलं विज्ञान शिकली ती फळ्यावर. सूक्ष्मदर्शकाची आकृती इतकी झकास काढायची की पाचपैकी पाच मार्क. खरा सूक्ष्मदर्शक समोर ठेवला असता तर त्याला शिलाई मशीन म्हणाली असती, पण ते राहू द्या.

आता निवृत्तीला चार दिवस उरले होते. आज कार्यालयातून तपासणीचे साहेब येणार, सामान मोजणार आणि ‘येणं-बाकी नाही’ असा दाखला देणार. दाखला मिळाला की पेन्शन सुरू. घरी धाकटी बहीण होती, तिचं शिवणाचं दुकान गेल्या वर्षी बंद पडलेलं. दोघींचं घर या पेन्शनवरच चालायचं होतं, दुसरा आधार नाही. बाईंना रात्रभर झोप नव्हती. सकाळी लवकर येऊन, साहेबांच्या आधी एकदा नजर टाकावी म्हणून त्यांनी कपाट उघडलं.

आणि त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली.

चोवीस चंचुपात्रांतली सतरा उरली होती. परीक्षानळ्यांचे खोके अर्धे रिकामे. तीन नंबरच्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा तडकलेला, वर चिकटपट्टी लावलेली. पाच नंबरवर तर कुणीतरी कांद्याचा वाळका पापुद्रा तसाच विसरलं होतं!

“मामा!” बाई अशा ओरडल्या की मैदानातली पोरंसुद्धा गप्प झाली.

शिपाईमामा आले. त्यांच्या मागोमाग, कुणी न बोलावता, विज्ञानाच्या तरुण बाईही आल्या. दोन वर्षांपूर्वी कंत्राटावर लागलेल्या, आवाज चिमणीएवढा.

“चोरी झालीय मामा!”

“चोरी नाही बाई,” मामा खाली बघत म्हणाले. “किल्ली मीच देत होतो. दर शनिवारी, तुम्ही घरी गेल्यावर.”

“मुलांना दाखवायला घेत होते,” तरुण बाई म्हणाल्या. “आठवीच्या.”

“आणि मला विचारायची रीत नाही?”

“विचारलं होतं बाई. तीनदा. तुम्ही म्हणालात, मी रिटायर झाले की काय हवा तो धुडगूस घाला.”

म्हणाल्या होत्या खऱ्या. बाई मटकन खुर्चीत बसल्या. “अगं, तुम्हा दोघांना काही कल्पना आहे का? माझी पेन्शन अडकणार! बहिणीला मी काय सांगू?”

“फुटलंय ते मी भरून देते.”

“कशातून देतेस? तुझा स्वतःचा पगार पाच महिने आला नाही!” बाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडता त्यांचे डोळे भरून आले. राग कुणावर काढावा तेही कळेना. मामांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

तेवढ्यात फाटकात जीप येऊन थांबली.

साहेब म्हणजे वाळका, घामेजलेला माणूस. चष्मा कपाळावर चढवलेला. चहा नको म्हणाले, बसायलाही नको म्हणाले. थेट कपाटापाशी जाऊन त्यांनी यादी उघडली. एकेक वस्तू उचलून बघू लागले. चिकटपट्टीवर बोट फिरवलं, कांद्याचा पापुद्रा उजेडात धरला.

“बरंच फुटलंय की,” साहेब म्हणाले. “कुणी फोडलं?”

“मी,” मामा म्हणाले.

“मी, साहेब,” तरुण बाई म्हणाल्या.

“चार्ज माझ्याकडे आहे, तेव्हा जबाबदारी माझी,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून त्यांनाच धडकी भरली. “काय कापायचं ते कापा साहेब. पण दाखला अडकवू नका. हात जोडते.”

साहेबांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. “आता चहा सांगा,” म्हणाले.

मामा जागचे हलले नाहीत.

“अहो, या महिन्यात अकरा शाळा झाल्या माझ्या. अकराही ठिकाणी सामान कोरं करकरीत. एके ठिकाणी तर खोक्याची पट्टीसुद्धा काढली नव्हती. वरचे विचारतायत, एवढा पैसा ओतला तरी पोरांना विज्ञान का येत नाही, पैसा गेला कुठे? कुठे जाणार! कपाटात. आता हुकूम निघालाय, जिथे सामान वापरात नाही तिथलं उचला आणि विज्ञानाचं पदही दुसऱ्या शाळेला द्या. तुमचं उचलायलाच रिकामी जीप आणली होती मी.”

तरुण बाईंनी खिडकीचा गज धरला.

“आणि हे फुटलेलं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“शिकवताना फुटलेल्या काचेची वसुली नाही. नियम बदलून चार वर्षं झाली. परिपत्रक आलं नाही तुम्हाला?”

आलं होतं. वर ‘साहित्य जपणुकीबाबत’ असं वाचून बाईंनी ते न उघडताच फाइलला लावलं होतं, आणि ती फाइल याच कपाटाच्या वरच्या फळीवर नीट जपून ठेवली होती.

साहेबांनी खात्री करायला आठवीतली एक मुलगी बोलावली. “यात काय पाहिलंस गं?”

“कांदा. विटांची भिंत असते ना, तसा दिसतो. तुम्ही बघणार असाल तर चार नंबर घ्या साहेब, पाचचा स्क्रू सैल आहे.”

साहेब खो खो हसले आणि त्यांनी पेन काढलं. “मुख्याध्यापिकेच्या प्रोत्साहनाने साहित्याचा नियमित वापर,” ते लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले.

“खोटं आहे ते,” मोठ्या बाई म्हणाल्या. दाखला हातातोंडाशी आलेला, आणि ही बाई बोलून गेली! “मी कुलूप लावलं साहेब. या दोघांनी काढलं. तसं लिहा.”

“तसं लिहायला रकाना नाही बाई,” साहेब म्हणाले. पण त्यांनी ओळ खोडली, दोघांची नावं विचारून लिहिली, आणि दाखल्यावर सही ठोकली.

जीप रिकामीच परत गेली. बाईंचा जीव भांड्यात पडला. आधी त्यांनी बहिणीला फोन केला, “मिळाला गं दाखला,” एवढंच म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग मामांकडे वळून म्हणाल्या, “एकोणीस वर्षं मूर्खासारखी वागले मी. तुम्ही तरी हात धरायचा होता माझा.”

“तुमचा हात धरणार कोण, बाई?” मामा म्हणाले. बाईंना हसू आलं.

शनिवार नव्हता, तरी आठवीच्या वर्गात सहाही सूक्ष्मदर्शक बाहेर काढले होते. चार नंबरपाशी रांग होती. मोठ्या बाई दारात जरा घुटमळल्या, मग गुपचूप रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मागून अजून चौघीजणी आल्या. नंबर आला तेव्हा कुठला डोळा मिटायचा हेही त्यांना कळेना, ते त्याच मुलीनं दाखवलं. आधी नुसता उजेड दिसला. मग हळूहळू एकाशेजारी एक अशा खोल्याच खोल्या दिसायला लागल्या, आणि प्रत्येकीत एक काळा ठिपका.

“अगं बाई!” त्या म्हणाल्या, आणि बघतच राहिल्या.

“बाई,” मुलगी जरा थांबून म्हणाली, “पुरे आता. मागे रांग आहे.”