रिकाम्या खिशाचा कोट

लॉन्ड्रीतल्या वाफेत माणसं नीट दिसत नसत, कपडे तेवढे दिसत. दारात कुणी आलं की ताईला आधी कॉलर दिसायची, मग बाह्या, आणि चेहरा नंतर सावकाश, आठवल्यासारखा. तिला तेच बरं वाटायचं. आता बॉयलर बंद पडला होता, वाफ नव्हती, सगळ्यांचे चेहरे लख्ख दिसत होते आणि प्रत्येक चेहरा कपडे कधी मिळणार म्हणून विचारत होता.

बॉयलर सुरू झाला नाही तर हॉटेलच्या चादरींचं काम जाणार, आणि ते गेलं की लॉन्ड्रीला कुलूप. दुरुस्तीला पैसे नव्हते. धाकट्या भावाकडे मागता आले असते, पण मागायचा कोट त्याच्याकडे होता.

घराणंच तसलं. मागताना माणूस वीतभर होतो, असं वडील म्हणायचे. म्हणून त्यांनी आणि काकांनी मिळून एक राखाडी कोट ठेवला होता. अडचण आली की तो बटणाच्या नाहीतर इस्त्रीच्या निमित्तानं दुसऱ्याकडे टाकायचा. दुसऱ्यानं खिशात पैसे घालून परत करायचा. फेडतानाही तोच कोट, फक्त खिसा भरलेला. कोट आणणाऱ्यासमोर खिशात हात घालायचा नाही, एवढा एकच नियम. झाकली मूठ सव्वा लाखाची! दोघं भाऊ गेले, कोट मागे राहिला. मागच्या खेपेला भावानं चष्म्याच्या काचा घासायचं मशीन घेण्यासाठी तो भरून नेला होता. तो परत आल्याशिवाय ताईनं मागायचं कसं? कोटाशिवाय मागण्यापेक्षा लॉन्ड्री बंद झालेली परवडली, इथवर तिची अक्कल गेली होती.

त्या दुपारी धुकं उतरलं होतं. काचेपलीकडचा रस्ता, दिवे, समोरचं औषधाचं दुकान, सगळं विरघळून गेलं होतं. त्यातून तो राखाडी कोट चालत आला. नुसता कोटच. वडीलच आले असं वाटून ताई उभीच राहिली. मग कोटावर लांब मान उगवली, मानेवर चष्मा, आणि तो लांब्या निघाला, तिचा भाऊ.

त्यानं कोट काढून दांडीला अडकवला आणि सवडीनं इस्त्री कर म्हणाला. चहा झाला. धुक्याच्या गप्पा झाल्या, गुडघ्यांच्या झाल्या. बंद बॉयलरकडे त्याचं लक्ष होतं. तिला वाटलं, कळलंय याला. म्हणूनच फेडायला धावत आला. तिचा जीव भांड्यात पडला. तो धुक्यात दिसेनासा होतो न होतो तोच तिनं मेकॅनिकला फोन केला आणि पैसे तयार आहेत म्हणून ठणकावून सांगितलं.

मेकॅनिक आला, त्यानं बॉयलर उघडला, त्याची आतडी जमिनीवर मांडली आणि आगाऊ रक्कम मागितली. ताईनं ऐटीत कोटाच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग आतल्या. अस्तर थंड होतं.

मेकॅनिकला थांबवून ती स्टुलावर बसली. आधी भावाचा संताप आला. एकदा नेऊन पोट भरलं नाही का याचं? पण बसल्या बसल्या तिला त्याचे चहाच्या कपाभोवतीचे हात आठवले. घट्ट धरले होते त्यानं. बिचारा मागायला आला होता, आणि आपण त्याला गुडघे सांगत बसलो. तिला एकदम रडू आलं.

द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, आणि मेकॅनिक खोळंबला होता. तिनं रिकामाच कोट अंगात घातला आणि ती भावाकडे निघाली. बाह्या बोटांखाली उतरत होत्या. धुक्यात पाय दिसत नव्हते. आपण चालतोय की कोट आपल्याला घेऊन चाललाय, हेही तिला कळेना. लहानपणी वडील याच कोटात गुंडाळून तिला घरी आणायचे, तेव्हा रस्ता असाच, जमीन नसल्यासारखा जायचा. तो संपू नये असं तिला तेव्हा वाटे, आणि आताही वाटलं.

भावाच्या दुकानात मशीन झाकलेलं होतं, चष्म्यांच्या फ्रेमा खोक्यात भरलेल्या होत्या. कोट पाहून त्याचा चेहरा उजळला. नियमाप्रमाणे खिशाकडे न बघता तो चहा टाकायला वळला.

"लांब्या, थांब," ती म्हणाली. "खिसा रिकामा आहे. मीच मागायला आलेय."

तो पाठमोराच म्हणाला, "ताई, माझं तीन महिन्यांचं भाडं थकलंय. जागा सोड म्हणतोय मालक."

मग तो वळला.

"उघड्यापाशी नागडं गेलं," त्यानं सुरुवात केली.

"सारी रात्र हिवानं मेलं," ती म्हणाली, आणि दोघं खोक्यांवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

हसू ओसरल्यावर तीच म्हणाली, की लॉन्ड्रीचं पुढचं काउंटर अर्धं रिकामंच असतं. त्यानं डोकं खाजवलं. जागा सोडली तर डिपॉझिटमधून भाडं वळतं होऊनही थोडं उरेल, आणि मेकॅनिकचं तेवढ्यात भागेल, असं त्याला वाटलं. इतकी साधी गोष्ट होती. एका कोटापायी दोन दुकानं बुडाली असती.

आता लॉन्ड्रीत पुन्हा वाफ असते. लांब्यानं पुसून ठेवलेला प्रत्येक चष्मा लगेच धुरकटतो आणि तो कुरकुरत पुन्हा पुसतो. एका सकाळी त्यानं पाहिलं, ताई कोटाचे खिसे शिवून टाकत होती, बारीक, पक्क्या टाक्यांनी.

"हे काय गं?"

"मागायचं तर तोंड दिलंय देवानं."

त्यानं हातातली काच पुसली. मग खाली बघत म्हणाला, "ताई, मला वीस रुपये दे."

वाफेत तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले, आणि हात लगेच सोडला नाही.