पाळकांचा पांढरा झगा

मित्रांनो, नवीन पनवेलच्या एका लहानशा प्रार्थनाघरातला मी जुना पांढरा झगा. आता बाह्या विरल्यात, पण एके काळी माझा तोरा काही विचारू नका! दर रविवारी पाळक अलिबागहून यायचे, मला अंगात घालायचे आणि माणसं उठून उभी राहायची. मला वाटायचं, माझ्यासाठीच उठतात.

मला धुवायची गुणाबाई. चार घरची भांडी उरकून ती विचुंब्याहून चालत यायची, मला वेगळ्या बादलीत धुवायची, खळ द्यायची. माझं पाणी मोरीत सोडायचं नाही, कुंडीत घालायचं, असा दाजींचा दंडक. दाजी म्हणजे मंडळीचे कारभारी. इस्त्री झाली की ते मला पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावायचे. गुणाबाईने मला कधी गंमत म्हणूनही खांद्यावर टाकलं नाही.

त्र्याण्णव सालच्या ऑगस्टात पाळकांनी शिकवलं, की ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण राजघराण्यातला याजक आहे. दुसऱ्यासाठी देवासमोर उभं राहायचा मान भांडी घासणाऱ्या बाईलाही आहे. सगळे जोरात आमेन म्हणाले. मग दाजींनी मला नेहमीसारखं कुलपात घातलं.

पुढच्याच रविवारी पाळक वाटेत कुठेतरी अडकले. दाजींनी मला काढून टेबलावर ठेवलं होतं. साडेनऊला मंडळीतला अविनाश जीप घेऊन दारात आला. त्याच्या बायकोला, शांतीला, सातवा महिना, आणि अंगात मलेरिया. डॉक्टरांनी ताबडतोब मुंबईला न्यायला सांगितलं होतं. पण पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा तिने हट्टच धरला होता. पहिल्या बाळंतपणाच्या खेपेला ती प्रार्थनेवाचून गेली होती आणि मूल हाती लागलं नव्हतं. तो सल तिच्या मनातून जात नव्हता.

थोडं थांबा, येतीलच, असं दाजी म्हणत राहिले. आत आणून बसवलेल्या शांतीला अशी हुडहुडी भरली होती की बाक खडखडत होता. अविनाश रस्त्यापर्यंत जायचा, परत यायचा. चाळीस माणसं बसली होती. गेल्या रविवारची शिकवण सगळ्यांना आठवत होती आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. दहा वाजले. शांतीचे ओठ निळे पडू लागले.

तेव्हा मागच्या रांगेतून गुणाबाई उठली.

"दाजी, आता वाट बगायची नाय," ती म्हणाली. "आमी सगले याजक हाव, असं पाळकच बोलले ना? का ते नुसतं आमेन म्हणायपुरतं?"

पुढे येऊन तिने माझी घडी मोडली आणि मला शांतीभोवती गुंडाळलं. "अगं, तो पाळकांचा आहे," दाजी म्हणाले. लाज वाटते सांगायला, पण माझ्याही मनात तेच आलं. त्या आजारी बाईचा घाम, ओकारीचा वास! मी आक्रसून गेलो.

गुणाबाईने शांतीच्या डोक्यावर हात ठेवला.

"देवा, ही पोर तुजी हाय. पोटातला जीव बी तुजाच. आमाला जास्त मागता येत नाय, तू समजून घे."

मग दुसरा हात आला, तिसरा आला. सगळ्यात शेवटी दाजींचा. शांती उठली आणि मला पांघरूनच जीपमध्ये बसली.

शांती वाचली. मूल वाचलं नाही.

मग कुजबुज सुरू झाली. पाळक असते तर वेगळं झालं असतं, बाईने नसता आगाऊपणा केला, असं लोक म्हणू लागले. गुणाबाईने मला धुऊन आणून दिलं आणि कुणाकडे न बघता मागे जाऊन बसली. तिला वाटत होतं, आपल्याच हाताने घात झाला. माझा जीव तिच्यासाठी तुटत होता.

महिन्याने शांती उपासनेला आली. तिच्यासाठी प्रार्थना करायला पाळक मला घालून पुढे उभे होते. ती त्यांच्याकडे आलीच नाही. सरळ मागच्या रांगेपाशी गेली आणि गुणाबाईसमोर गुडघे टेकून बसली.

"बाई, या खेपेला मी एकटी गेले नाही," ती म्हणाली. "ठेवा हात."

गुणाबाईने हात ठेवला. आणि मित्रांनो, मला अंगात घातलेल्या पाळकांनी जागच्या जागी मान खाली केली.

त्या दिवसापासून मी कुलपात नाही. मला जपायचंच असेल तर एवढं करा, कुणाला थंडी वाजत असेल तर पाळकांची वाट बघत बसू नका. मला घ्या आणि निघा.