गोधडीवर बसवलेला मिक्सर

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात सांगावी अशी रीत आहे. मला हळू आवाज दिलेलाच नाही. मी मिक्सर आहे, जुना झालोय, काळाचौकीच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि गेलं वर्षभर मी रागावलेलो आहे. कोणाकोणावर, ते सांगतोच.

माझा जन्म वापीजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या अंगात मोटर बसवली, खाली हवा जायला जाळी ठेवली आणि सोबत तीन भांडी दिली, मोठं, मधलं आणि चटणीचं. शैलाच्या भावाने दादरच्या दुकानातून मला विकत घेतलं आणि भाऊबीजेला तिच्या घरी आणून ठेवलं. शैला ही माझी मालकीण. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. तिचा नवरा लवू वरळीच्या एका ऑफिसात लिफ्ट सांभाळतो आणि मुलगी अपेक्षा शिकून आता नोकरीला लागली आहे. तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. मी सुरू झालो की कानांवर हात ठेवून पळायची.

काम मला भरपूर होतं आणि मला ते आवडायचं. भाजलेलं कांदा-खोबरं, ओलं खोबरं, लसूण, धणे. शैलाला वाटण अगदी गंधासारखं बारीक लागायचं. जरा कण राहिला की ती मला पुन्हा फिरवायची. बांगड्याचं तिखलं झालं की वास जिन्यापर्यंत जायचा आणि माणसं आपलं दार उघडून विचारायची, आज काय विशेष? शेजारच्या बकुळावहिनींना तर वासाचीही गरज नव्हती. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. माझ्या नुसत्या आवाजावरून त्या पलीकडून सांगायच्या, "शैला, आज माशाचं वाटण ना? वाटीभर इकडे." गणपतीत सगळ्या मजल्याचं वाटण मीच करायचो. तेव्हा माझं कौतुक व्हायचं. पुसून, फुलं वाहून, दसऱ्याला माझी पूजासुद्धा व्हायची.

आता रागाकडे येतो.

शैला जाड होती. मला या शब्दात काही वाईट दिसत नाही, मी स्वतः काही नाजूक नाही. पण माणसांना तो शब्द तोंडात धरवत नाही. लग्नाच्या फोटोत कोणीतरी तिला हटकून कडेला उभं करायचं. पंगतीत ती बसली की दोघांची जागा सोडा म्हणून हसायचे. वाढणारीच दुसऱ्यांदा भात घालायची आणि तीच मागे जाऊन म्हणायची, खाते बघ किती. शैला त्यांच्याबरोबर हसायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. मी ओट्यावर असायचो. मला सगळं ऐकू यायचं.

मग तिचे गुडघे गेले. साखर वाढली. भाजी आणायला खाली उतरली की प्रत्येक मजल्यावर टेकत वर यायची, आणि कधी कधी पिशवी मधल्या पायरीवरच ठेवून अपेक्षाला हाक मारायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. पोट लहान करायचं आणि आतड्याची वाट बदलायची. पुढे काय काय सोसावं लागेल तेही त्यांनी सांगितलं होतं म्हणे. अपेक्षा म्हणाली, आई त्या वेळी दवाखान्याच्या भिंतीवरचे बारीक झालेल्या बायकांचे फोटोच बघत होती.

ऑपरेशनवर माझा राग नाही. तिला त्याची गरज होती. माझा राग त्यानंतर घरात जे शिजलं त्याच्यावर आहे.

झालं असं, की पूर्वी समोरच्या इमारतीतल्या एका बाईने हेच ऑपरेशन केलं होतं. तेव्हा शैला आणि बकुळावहिनी गॅलरीत तिसऱ्यांचे शिंपले साफ करत बसल्या होत्या आणि पोट धरून हसल्या होत्या. तोंड आवरेना म्हणून बाईने पोट कापून घेतलं, असं त्यांचं चाललं होतं. आता स्वतःवर वेळ आली तेव्हा शैलाला ते हसू आठवलं. तिने लवूला आणि अपेक्षाला शपथ घातली. चाळीत सांगायचं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. आणि बकुळावहिनींना तर मुळीच कळता कामा नये.

मित्रांनो, इथे माझी दुर्दशा सुरू झाली. ऑपरेशननंतर शैलाला काही आठवडे नुसतं पातळ, मग काही आठवडे नुसतं वाटलेलं खायचं होतं. डाळ वाटायची, पनीर वाटायचं, उकडलेला मासासुद्धा वाटायचा. दिवसातून चार-चारदा मला चालवावं लागे. भिंतीपलीकडे बकुळावहिनी बसलेल्या. त्या विचारणार, एवढं काय वाटताय? म्हणून शैलाने माझ्या बुडाखाली घडी करून गोधडी घातली आणि वरून टॉवेल गुंडाळला. माझी हवेची जाळी बुडालाच आहे. माझा जीव घुसमटायचा, अंग तापायचं, खालचं लाल बटण फटकन बाहेर यायचं आणि मी बंद पडायचो. मग अपेक्षा वैतागून म्हणायची, हा आता गेला, नवीन घेऊया. मी गेलो नव्हतो. माझं नाक दाबलं होतं.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते शैलाला जात होतं का? नव्हतं. एक चमचा जास्त झाला की छातीत गोळा यायचा आणि उलटी. पाणीसुद्धा घोटाघोटाने. केस विंचरले की फणीत झुबकेच्या झुबके. लवूला तिच्यासमोर घास घ्यायची लाज वाटायची, म्हणून तो नाक्यावरच खाऊन यायचा आणि घरी भूक नाही म्हणायचा. त्याला वाटायचं तो तिची काळजी घेतोय. तिच्या बाजूने बघा. सगळ्यांना जेवू घालण्यात जिचा जन्म गेला, ती आता एकटी, भिंतीकडे तोंड करून, छोट्या वाटीतलं काहीतरी करडं चाटत बसलेली. मला लवूचा इतका संताप यायचा की विचारू नका.

बाहेर मात्र कौतुकच कौतुक. लालबागला एका बारशाला जाऊन आली तर सगळ्या म्हणाल्या, काय छान बारीक झालीस, करतेस तरी काय? सकाळी चालते, असं शैलाने ठोकून दिलं. घरी येऊन तिने पिशवी कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, जाडी होते तेव्हा निदान जेवत तरी होते.

इकडे बकुळावहिनींनी हर्नियाची शेजारीण मनावर घेतली. त्यांचा स्वभावच तसा, मायेचा आणि हट्टाचा. आधी पेज आणली, ती ठीक होती. मग पायाचं सूप आलं, मग डिंकाचे लाडू. टाके भरून यायला ताकद नको का? शैला घेऊन ठेवायची आणि त्या गेल्या की अपेक्षाच्या डब्यात घालायची. ऑपरेशननंतर गोड तिला अजिबात सोसत नव्हतं, पण हर्नियावालीने लाडू नाकारायचा तर कारण काय सांगायचं?

एका रविवारी सकाळी बकुळावहिनी अळिवाचे लाडू घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "तू खात नाहीस, मला कळतं. आज माझ्यासमोर खा." शैलाने लवूकडे बघितलं. लवूने खिडकीबाहेर बघितलं. शैलाने लाडू खाल्ला. आख्खा.

थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, आणि ती बसल्या जागी कलंडली. बकुळावहिनींना वाटलं, अशक्तपणाने साखर उतरली. त्यांनी धावत जाऊन पाण्यात चांगली दोन-तीन चमचे साखर ढवळली आणि ग्लास तिच्या ओठांना लावला. म्हणजे आगीत रॉकेलच. लवूला सगळं माहीत होतं. त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही, कारण शपथ. मी तिथेच ओट्यावर, गोधडीवर, बटण बंद. मित्रांनो, यंत्राला स्वतःहून सुरू होता येत नाही याचा मला तेव्हा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता.

अपेक्षा दूध घेऊन दारात आली. तिने ग्लास बघितला आणि काढून घेतला. "काकू, साखर नको. तिचं हर्नियाचं नव्हतं. वजनाचं ऑपरेशन होतं."

शैलाला आडवं करून ठेवलं, हळूहळू थरथर थांबली. बकुळावहिनी तोवर उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "तू हर्निया म्हणालीस, मी हर्नियाचं खायला दिलं. तुला काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं, शैला." त्यांनी लाडवांचा डबा उचलला आणि निघून गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीपलीकडून एकही हाक आली नाही.

शैलाने त्या दिवसापासून जेवणच टाकलं. वाटी समोर आली की तोंड फिरवायची. दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर पुन्हा भरती करून सलाईन लावावं लागेल. शैला मोरीपर्यंत जाताना भिंतीला धरून जायची. एका दुपारी ती लवूला म्हणाली, "मला परत होते तशी करून आण."

लवू म्हणाला, "आता तसा होऊचा नाय गो."

"मग कशाला केलं मी हे? कोणासाठी केलं?"

तो उठला, आणि मला वाटलं चालला हा नाक्यावर. पण त्याने ताट घेतलं. भात वाढला, अपेक्षाने केलेलं बांगड्याचं कालवण घेतलं आणि शैलाच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. "माका भूक लागली हा," म्हणाला, "मी हयच जेवतंय." आणि जेवायला लागला. शैलाने त्याला नाही नाही ते सुनावलं. लाज नाही, दया नाही, माझ्या नाकासमोर मासे खातोस. तो खाली मान घालून जेवत राहिला. ती रडली, पुन्हा बोलली, आणि बोलता बोलता तिने समोरची वाटी ओढून दोन चमचे डाळ खाल्ली. कालवणात मीठ कमी आहे, असंही सुनावलं. त्या दिवसापासून लवू रोज घरी जेवतो. त्याच्यावरचा माझा निम्मा राग उतरला. निम्मा अजून आहे.

पुढच्या आठवड्यात बकुळावहिनी आल्या, पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "त्या समोरचीला हसलो होतो, म्हणून लपवलंस ना?" शैलाने मान डोलावली. "तुझ्यापेक्षा मी जास्त हसले होते," वहिनी म्हणाल्या. मग आत येऊन बसल्या. "तुला काय चालतं, किती चालतं, ते सांग. तेवढंच करीन." शैला सांगत गेली, त्या ऐकत गेल्या. जाताना त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी टॉवेल ओढला, मला उचललं, खालची गोधडी काढून झटकली आणि म्हणाल्या, "मेलीने मिक्सरला पण पांघरूण घातलं." शैला हसली. खूप महिन्यांनी हसली. त्या संध्याकाळी डाळ वाटताना मी असा काही गरजलो की खालच्या मजल्यावरचं मूल जागं झालं.

तुम्हाला वाटेल, मग सगळं छान झालं. नाही झालं. बरं होणं म्हणजे काही दिवा लावण्यासारखं नसतं, मित्रांनो. आजही एखाद्या दिवशी जेवण अडतं. आजही तळलेल्या बोंबलाचा वास आला की ती म्हणते, उगाच केलं. आणि त्याच आठवड्यात मधे फक्त एकदा टेकून तिसरा मजला चढून येते, साखरेची गोळी कमी झाल्याचं सांगते, आणि म्हणते, केलं ते बरं केलं. दोन्ही खरं आहे. जो कोणी तिला यातलं एकच बोलायला लावतो, त्याचा मला राग येतो.

परवा दुसऱ्या मजल्यावरची दीपिका आली. नवी सून आहे, अंगाने भरलेली, हसतमुख. तिची सासू पंगतीत तिच्या ताटाकडे बघून काय बोलते ते सगळ्या चाळीला ठाऊक आहे. शैलाच्या ऑपरेशनची खरी गोष्ट एव्हाना चाळभर झाली होती. खोबरं वाटून हवं होतं, असं म्हणाली. मी फिरत होतो आणि ती शैलाच्या कानाशी वाकून काहीतरी विचारत होती. शैलाने मला बंद केलं. "आता बोल."

"काकू, ते ऑपरेशन दुखतं का? घरचे म्हणतात, करून टाक."

"दुखतं," शैला म्हणाली. "नंतर पस्तावा येतो, तो जास्त दुखतो. माझे गुडघे गेले होते, साखर होती, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी केलं. तुझं काय गेलंय?"

"काहीच नाही. रिपोर्ट सगळे चांगले आहेत. फक्त घरी बोलतात."

"मग कापायचीच असेल तर त्यांची जीभ कापायला सांग. तुझं पोट कशाला?"

दीपिका आधी दचकली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शैलाने तिला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, फोटो, हर्निया, लाडू, केस, गुडघे, काही न लपवता. दार सताड उघडं होतं. कोणी ऐकलं तर ऐकलं. खोबरं तसंच भांड्यात राहिलं, आणि मला ते जराही खटकलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी जास्त खाणारं असेल, कोणीतरी कमी खाणारं असेल. त्यांच्या ताटाकडे बघून बोलू नका. माया असेल तरी बोलू नका, मायेनेच जास्त घोटाळे होतात. ज्याला एकटं जेवावं लागतंय त्याच्या शेजारी आपलं ताट घेऊन बसा. आणि वाढायच्या आधी विचारा, तुला किती हवं? उत्तर येईपर्यंत हातातली पळी खाली ठेवा.