सगळ्यांच्या मुठीची भाकर

“त्या घरापुढं थांबू नको, उषाबाई. सरळ पुढं चल!” पंच अप्पाराव मागून ओरडला, तेव्हा उषाबाईनं पिठाच्या डब्याचं झाकण उघडलंही होतं.

समोर तुळजाबाई उभी. पदरात ज्वारीचं पीठ. पारध्याची बाई, नुकताच नवऱ्यासकट बाप्तिस्मा घेतलेली. हा डबा पहिल्यांदाच दारात येणार म्हणून तिनं अंगण सारवून ठेवलं होतं.

वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेच्या कडेला या ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं चर्च आहे. पाव-बिस्कीट तिथं चालत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीला, भाकर मोडून सगळे तुकडा खातात, आणि त्या भाकरीत घराघरातलं मूठभर पीठ असतं. ज्वारी असो, बाजरी असो, गहू असो. शनिवारी पीठ गोळा करायचं आणि रविवारी पहाटे भाकरी थापायच्या, हे काम उषाबाईचं. नवरा गेला तेव्हा ‘नवरा खाल्लास’ म्हणत सासरच्यांनी तिला उंबऱ्याबाहेर काढलं होतं. या डब्यानं तिला घराघरात नेलं. आता तिची चाहूल लागली की बाया पीठ घेऊन चुलीपुढून उठत.

“काहून थांबू नको?” तिनं विचारलं.

“पंचांनी ठरवलंय. ह्यांनी मागं बसून प्रार्थना करावी, कुनाची ना न्हाई. पन ह्यांच्या घरचं पीठ लोकाच्या घशाखाली उतरंल का?”

तुळजाबाईचा पदर खाली गेला. “ऱ्हाऊ दे, माय. आमच्यापायी भांडन नगं.”

“तू गप. तुझ्या पदरात पीठ हाये, चोरी न्हाई.” उषाबाई वळली. “अप्पाराव, तुमचा पणजा घागर घेऊन विहिरीबाहेर उभा ऱ्हायचा. कुनी पानी वाढत नव्हतं, म्हनून तो ख्रिस्ताकडं आल्ता. दर नाताळाला माईकवर तुमीच सांगता न्हाई का?”

“ते येगळं.”

“बिलकुल येगळं न्हाई. तवा तो बाहेर उभा व्हता, आता ही हाये. विहीर तेवढी तुमच्या ताब्यात आली.”

तिनं डबा पुढं केला. तुळजाबाईनं मूठ डब्यावर सोडली. थोडं पीठ वाऱ्यावर उडालं, उरलेलं डब्यात पडलं. उषाबाईनं कोपरापर्यंत हात घालून सगळं ढवळलं आणि डबा अप्पारावच्या नाकापुढं धरला. “घ्या. तिचं तेवढं येगळं काढून दाखवा.”

रविवारी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, प्रभुभोजनाच्या मेजाजवळ गेले, तसा अप्पाराव बाकावरून उठला. “पाळकसाहेब, ती भाकर मोडू नका. उषाबाईनं पंचांचा शब्द मोडलाय.”

पाळक भला माणूस, पण पंचांपुढं त्यांची मान कायम वाकलेली. ते हळूच म्हणाले, “उषाबाई, जल्दी दुसरी एखादी भाकर होईल का?”

“हुईल की. पन मंग तिच्यात माझी मूठ न्हाई.”

मग दवाखान्यातली ज्योत्स्ना सिस्टर बसल्या जागेवरूनच बोलली, “माझीबी न्हाई.”

“माझीबी,” बद्रीनाथ ड्रायव्हर म्हणाला. बाकीच्या कित्येकांनी माना खाली घातल्या. ते कुणाच्याच बाजूला नव्हते, म्हणजे अप्पारावच्याच बाजूला होते. मग पाळकांनी टोपलीतली भाकर उचलली आणि मोडली. मिसळीच्या पिठाची ती, कडा भेगाळलेल्या. अप्पाराव चपला फरपटत बाहेर निघून गेला. तुळजाबाईनं तुकडा दोन्ही हातांनी घेतला आणि तिथंच रडली.

आजारी माणसाचा तुकडा घरी पोचवायची या मंडळीत रीत आहे. दुपारी उषाबाई अप्पारावच्या दारात उभी राहिली. हातात कागदात बांधलेला तुकडा.

“मला काय धाड भरलीय?” अप्पाराव दार धरून म्हणाला.

“ते तुमाला ठाऊक. सगळी मंडळी जेवली अन् तुमी एकटे उठून गेल्ते. धडधाकट मानूस असं करतं का?”

“ने परत.”

“परत न्यायची रीत न्हाई.”

दार धाडकन लागलं. उषाबाई पायरीवर बसली. तिनं कागद सोडला, तुकडा तळहातावर घेतला. हायवेवरून उसाचे ट्रक जात होते. उन्हानं तुकडा वाळत चालला होता. आतून पावलं दारापाशी आली आणि थांबली.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. हात तेवढा उघडा ठेवला.