एक हात जागा ठेवणारा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. दंडाला गुंडाळून, फुगवून रक्तदाब मोजतात ना, तोच. माझं कापड विटलंय, कडा उसवल्यात. स्वभावाने मी भित्रा. पण माझ्या वाट्याला आलेलं काम पाहून धीटांचीही गाळण उडाली असती.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळाशार होतो. काही वर्षं तपासणीच्या खोलीत दंड आवळले. मला पाहूनच लोकांचा दाब चढायचा, त्याची गंमत वाटायची. मग भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला ऑपरेशनच्या खोलीत नेलं. "जुना आहे, पण हवा सोडत नाही," असं त्या म्हणाल्या आणि मी हवा न भरताच फुगलो.

बाईंचं संशोधन चाललं होतं. ऑपरेशनआधी झोपेचं औषध देतात आणि अंग सैल पडावं म्हणून आणखी एक. त्या दुसऱ्या औषधाने पापणीसुद्धा हलत नाही. मग माणूस खरंच झोपलाय, की जागा असून नुसता पडलाय, हे कळायचं कसं? म्हणून ते औषध देण्याआधी मला एका दंडावर गच्च आवळत. औषध माझ्यापलीकडे जात नसे, तेवढा हात मोकळा राही. बाई वाकून विचारत, "ऐकू येतंय का? येत असेल तर माझा हात दाबा." बहुतेक जण गाढ झोपलेले असत. तरी दर वेळी मी जिवाच्या आकांताने हवा धरून ठेवी. मी सैल झालो तर तोही हात मुका व्हायचा.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. दारातच सिस्टरने नेहमीच्या रीतीने त्यांचा चष्मा, कवळी, कानातलं मशीन, सगळं काढून डबीत ठेवलं.

"अगं, अर्धी मी तर डबीतच राहिले!" मावशी म्हणाल्या. सगळे हसले.

औषधं दिली गेली. बाईंनी विचारलं, "ऐकू येतंय का? हात दाबा." हात दाबला गेला नाही. पण माझ्याखाली दंडाचा स्नायू ताठ झाला. बोटं चादर ओढू लागली.

"बोटं हलतायत," सर्जन म्हणाले.

"ती आपोआपही हलतात. विचारल्यावर दाबला, तरच जागं धरायचं," बाई म्हणाल्या.

सर्जननी सुरी उचलली. मी भीतीने गारठलो. मावशी जाग्या होत्या, हे मला कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं? जास्त वेळ आवळून धरलं तर माझ्यामुळेच तो हात बधिर पडणार होता.

तेवढ्यात सिस्टर ओरडली, "मॅडम, मशीन डबीत आहे! त्यांना ऐकूच येत नाहीये!"

"थांबा!" बाईंनी मावशींचा हात हातात घेतला आणि दोनदा दाबला. मावशींनी दोनदा दाबला. मग तो हात सोडेचनात. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. झोपेचं औषध वाढवलं, बोटं हळूहळू सैल झाली, तेव्हाच सुरी चालली.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन मावशींचा दाब मोजायला गेल्या. "काही आठवतंय का?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"आठवतंय की. मी केव्हाची हाका मारत होते. कुणी ओच देत नव्हतं," मावशी म्हणाल्या.

 बाईंकडून माझ्यातली हवा सोडायचीही राहून गेली.

आता मी कपाटात असतो आणि ते वाक्य आठवून अजून घाबरतो. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची निगा राखा, हवा गळते का बघत जा. आणि कुणी गप्प पडलेलं दिसलं, तर ते झोपलंय असं धरून चालू नका. आधी त्याचा हात हातात घ्या.